आकसण्यापुरतं

ऋग्वेदनं टेबलावर पत्ते मांडले,
पुण्याच्या कार्यशाळेतून आणलेले, चौपन्न.
एका पत्त्यावर एक पद्धत.
"तीन निवड," म्हणाला, "शुक्रवारपर्यंत.
क्लायंटला एवढंच परवडतं."
खाली राजारामपुरीत झेरॉक्सवाला शटर ओढत होता.

पर्सोनाचा पत्ता मी आधीच बाजूला सारला.
मागच्या खेपेला आम्ही एक माणूस बनवला होता:
विलास, वय छत्तीस, स्मार्टफोनची आवड,
पिवळं हेल्मेट, परदेशी दात.
फाउंड्रीत विलास कधी भेटलाच नाही.
भेटले इलाही शिकलगार,
आमचं हिरवं बटण दाबायला
हातमोजा दातानं ओढून काढणारे.
तीनदा काढला.
चौथ्यांदा पत्र्यावर खडूनं आकडा लिहिला
आणि भट्टीकडे वळले.

तो खडू आमच्या कुठल्याच नकाशात नव्हता.

'पाच वेळा का विचारा' हाही पत्ता बरा.
दुसऱ्याच 'का'ला इलाहीमामा म्हणाले,
"पोलिसात हाईस काय गं?"

मग शिरोलीतच बसून राहिले, पॅटर्न शॉपमध्ये.
(पत्त्यावर लिहिलं होतं: निरीक्षण, चाळीस मिनिटं.
मला दोन दिवस लागले.)
महिपती सुतार सागवानी पंप तासत होते.
मी माझी पट्टी लावून पाहिली.
"काका, हा ड्रॉइंगपेक्षा मोठा झालाय."
"तुझी पट्टी बाजारातली."
त्यांनी त्यांची पुढं केली. तिचा इंच
माझ्या इंचाहून केसभर लांब.
"बीड निवताना आकसतंय. तेवढं आधीच धरायचं."
खिळ्यांना अजून तीन पट्ट्या टांगलेल्या:
पोलाद, पितळ, ॲल्युमिनियम.
"आणि कुठली घ्यायची, ते कसं कळतं?"
रंधा थांबला नाही.
"इचारायचं की. काय वतनार हाय म्हणून."

शुक्रवारी मी एकच पत्ता परत दिला,
कोऱ्या बाजूला काही खरडून.
ऋग्वेदनं तो उलटसुलट पाहिला.
उरलेल्या पत्त्यांना रबर लावलं.

सोमवारी भट्टीजवळच्या पत्र्यावर, खडूच्या जागी,
बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला.
त्यावर वीतभर चौकोन, मार्करनं. दोनच.
इलाहीमामांनी मोजा न काढता
कोपरानं एक दाबला
आणि थांबले.
पुठ्ठ्याकडे बघत, बराच वेळ.

"वाजलं न्हाई," म्हणाले.

वहीत लिहिलंय: आवाज हवा.
एवढ्या खडखडाटात कुठला ऐकू जाईल,
ते अजून ठरायचंय.