मागच्या चाकांसाठी

सकाळचे सव्वासहा, आडगावचं मैदान, पारा सात.
निफाडच्या अंगानं धूर येतोय,
रात्रभर बागांत शेकोट्या होत्या,
द्राक्षाच्या घडांना गारठा बाधू नये म्हणून.
माझ्या टायरांसाठी कुणी काही पेटवलेलं नाही.

टेम्पोतून उतरवले: चार मऊ, चार कडक.
झेनला चाकं चारच,
आणि पळायला जेमतेम पंचावन्न सेकंद.

निरभवणे मिस्त्री टायरांकडे बघतच नाहीत.
चप्पल काढून थोडं चालतात, मग उकिडवे बसतात,
तापातल्या पोराचं कपाळ बघावं
तसा तळवा टेकवतात काँक्रीटवर.
जुनं काँक्रीट, ट्रकांनी वरची साय कधीच खाल्लेली,
खाली खडी दात विचकून बसलेली.

"किसणी आहे ही, ताई.
मऊ घातलंत तर खोबऱ्यागत किसून ठेवील.
कडक घातलंत तर पंचावन्न सेकंदांत
त्याला जागच यायची नाही.
न्हाणीतलं पाणी तापायच्या आत
तुमची फेरी संपलेली."

मी नख रुतवून बघते.
मऊ रबरात चंद्रकोर उमटते, सावकाश बुजते.
कडक रबरावर नखच दुमडतं.

शेजारी बिरारींचा पोरगा नवे कोरे टायर चढवतोय,
रबराचे केस अजून अंगावर, बाळाच्या जावळासारखे.
उंच नक्षी लवकर तापते, हे त्याला ठाऊक आहे.
उंच नक्षीचे खडीवर तुकडे उडतात,
हे त्याला दुपारी कळेल.
मला कळलं तेव्हा
दोन महिन्यांचा पगार उडाला होता.

गेल्या जानेवारीत इथंच, तिसऱ्या शंकूपाशी,
माझी गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं थांबली.
मंडपात कुणीतरी म्हणालं, बाई आहे, घाबरली.
मी घाबरले नव्हते.
मागची चाकं गार होती.

वर्षभर सातपूरच्या ऑफिसात चलनं तपासताना
डोक्यात हेच.
झेनला पुढची चाकं ओढतात,
तीच वळवतात, ब्रेकचा भारही तीच झेलतात,
राबता राबता तापतात.
मागची नुसती येतात,
वरातीच्या शेवटी चालणाऱ्या लांबच्या पाहुण्यासारखी,
ना डोक्यावर दिवा, ना हातात ताशा.
आणि ऐन वळणावर
आपण त्यांच्याच भरवशावर असतो.

"मऊ मागं लावा," मी म्हणते.
मिस्त्रींचा पाना हवेतच थांबतो.
"लोक उलटं करतात."
"करू दे."
"पुढं कडक? या थंडीत?"
"पुढच्यांना काम आहे."

ते हसत नाहीत, जॅक लावतात.
मागची हवा चोवीसवर आणताना
व्हॉल्व्ह बारीक सुस्कारा सोडतो.
कडेला मी खडूनं रेघा ओढते,
वळणात टायर किती कलंडला
ते रेघ सांगेल, मंडप नाही.

झेंडा.
पहिल्या वळणाला गाडीचं नाक ऐकत नाही,
रुसल्यासारखं सरळच जातं.
दुसऱ्याला थोडं ऐकतं.
तिसरा शंकू.
मी वाट बघतेय पाठीत, मणक्याच्या टोकाशी,
त्या जुन्या सुटण्याची.
ते येत नाही.
शेपूट नुसती सरकते, जागा शोधते, बसते.
मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही.

शेवटचा शंकू आडवा केला, दोन सेकंद दंड.
पाचवी.
पत्रकात शंकूचा रकाना असतो,
न फिरलेल्या गाडीला रकाना नसतो.

मागच्या टायरला हात लावला: कोमट.
कडेला किसाचे काळे दाणे,
चिमटीत घेतले तर अजून चिकट.
खडूची रेघ अर्धी पुसलेली, अगदी हवी तिथं.

साडेदहा. धूर विरला, स्वेटरं कमरेला आली.
दुसरी फेरी अकराला.
"आता हेच ठेवायचे ना?" मी विचारते.

मिस्त्री उत्तर देत नाहीत.
पुन्हा चप्पल काढतात.