पाठमोरा डबा

नेब्रास्कात, हार्लन फोर्कच्या धान्यकोठाराआड
तो उभा होता. उभा कसला, टेकला होता.
चाकं कधीच विकलेली, पोटाखाली जुने स्लीपर.
एका शेतकऱ्यानं त्यात एकवीस वर्षं कोंबड्या पाळल्या,
त्याच्या मुलानं बियाण्यांची पोती रचली,
नातवानं भंगारवाल्याला फोन केला.
टनाचा भाव ठरला. सोमवारी गॅसकटर येणार होता.

रविवारी आम्ही पाच जण गेलो,
वर्गणी बिस्किटांच्या डब्यात.
लोवेल ट्वेट, निवृत्त वेल्डर, म्हणजे मी,
आणि असेच आणखी चौघं.
(घराचं छप्पर गळतंय, लोवेल, एवढंच बायको म्हणाली.)

मागचं टोक गोल. सात वाकवलेल्या काचा,
त्यातल्या पाच फुटलेल्या.
तशी काच आता कोण वाकवतो?
पिट्सबर्गला एक म्हातारा होता. त्याच्या मुलीनं फोन उचलला,
म्हणाली, एप्रिलमध्ये गेले.
मग आम्ही प्लास्टिक बसवलं.
पिवळं पडेल. पडू दे.

खुर्च्यांच्या फटींत निघालं:
केसांच्या पिना, ओमाहाचं अर्धं तिकीट,
पिसं, पिसं, पिसं,
आणि भिंतीत एक हस्तिदंती बटण.
ते दाबलं की पोर्टर यायचा.

ओडेसा पेटिग्रू आल्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी
शिकागोहून, नातीच्या गाडीतून.
वडील याच डब्यावर एकोणीस वर्षं.
बर्फ आणायचा, बूट चमकवायचे, राखदाण्या रिकाम्या करायच्या.
प्रवासी झाडून सगळ्या पोर्टरना जॉर्ज म्हणायचे.
"त्यांचं नाव लिअँडर," त्या म्हणाल्या,
जणू आम्ही विचारायचं विसरलो होतो.
विसरलोच होतो.
दारावरच्या पितळी पाटीवर आम्ही
रंग फुकट देणाऱ्या दुकानाचं नाव कोरलं होतं.

त्या बसल्या नाहीत. बटणाकडे बघत राहिल्या,
हात लावला नाही.
"वडील म्हणायचे, इथे बसणाऱ्याला
फक्त गेलेलं दिसतं.
येणारं बघायचं तर इंजिनात बसायला हवं,
आणि तिथे आम्हाला कोण बसवतंय."

चाकं मिनेसोटात मिळाली, कर्जावर.
मोठ्या कंपन्यांनी रूळ दिले नाहीत:
विमा, ब्रेक, अमुक नियम, तमुक कलम.
मिळाला तो साखर कारखान्यापर्यंतचा चार मैलांचा फाटा.
टोकाला इंजिन फिरवायला जागा नाही,
म्हणून जाताना इंजिन ओढतं
आणि येताना ढकलतं.

येताना, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं,
शेपूट पुढे होतं.
मघाशी गोल काचेत मिटत गेलेले रूळ
आता उलगडत होते.
बीटची शेतं, बांधावरचं लंगडं कुत्रं,
गावची पाण्याची टाकी,
सगळं अंगावर चालून येत होतं.

तेव्हा ओडेसाबाई बसल्या. मधल्या खुर्चीत,
टोपी न काढता, हात मांडीवर.
ताशी आठ मैल.
कुणी काही बोललं नाही.

फाटकापाशी त्यांनी विचारलं,
ती पाटी किती स्क्रूंवर आहे?
चार, मी म्हणालो. खिशात स्क्रूड्रायव्हर होताच.
तीन सहज निघाले.
चौथ्याची खाच
बसवताना मीच खराब केली होती.