आवक-जावक

मंडळाचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
महिन्याचा दुसरा रविवार, उद्यमनगरात,
शिकलगारांच्या लेथ-शॉपच्या माळ्यावर.
खाली ऑइलचा वास, वर शेवाळाचा.
सभासद तेवीस, वर्गणी पन्नास.
मासे पाळतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो,
'खायला?'
आणि आम्ही आपले गप्पीची पिल्लं
पिशवीत हवा भरून, रबर लावून
एकमेकांना देत बसतो,
शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तशी.

सुकुमार मगदूम जिवंत किडे घालत नाहीत, जैन आहेत.
वाटाणा उकडून, सोलून, चिमटीनं कुस्करून घालतात.
मासा मेला तर त्या दिवशी एकवेळच जेवतात.
कुरणे मॅडम दिवसभर बँकेत नोटा मोजतात,
संध्याकाळी निऑन टेट्रा मोजतात.
बेरीज कधीच जुळत नाही म्हणून खूश असतात.
आणि गल्लीगल्लीत तालीम असलेल्या या गावात
आमच्या मंडळाकडे एकच पैलवान:
कुंभार गल्लीत, सर्जेराव कोरव्यांच्या पाचफुटी टाकीतला
अकरा वर्षांचा ऑस्कर.
मालकाच्या बोटाला धडक देऊनच खाणारा.

त्या ऑगस्टात पाणी वाढू लागलं.
नदीही आम्ही फुटात मोजतो, टाकीही.
बंधाऱ्यावर एवढे फूट, एवढे इंच,
तासातासाला मोबाईल सांगत होता.
इर्शादभाईंनी गवळ्याकडून दुधाचे कॅन आणले,
मीठ लावून तीनदा घासले.
गवळी म्हणाला, 'खुळं झालाय काय रं?
माणसं सोडून मासं?'
म्हणाला,
आणि स्वतःची म्हैस जिन्यानं
दुसऱ्या मजल्यावर चढवायला गेला.

एम-एटीला दोन बाजूंनी दोन कॅन,
शाहूपुरी ते राजारामपुरी, सात खेपा.
एंजल, मोली, कुरणे मॅडमचे न मोजलेले टेट्रा.
पैलवान तेवढा जाळीत येईना.
लाइट गेली. पाणी गुडघ्याला लागलं.
सर्जेराव म्हणाले, तुम्ही व्हा पुढं.

नंतर त्यांनी एकदाच सांगितलं.
माळ्यावरून बॅटरी मारून बघत होते.
बाहेरचं पाणी काचेला लागलं,
तांबडं, उसाची पाचट घेऊन आलेलं.
आतलं अकरा वर्षं गाळून गाळून निवळ ठेवलेलं.
थोडा वेळ मधे काच होती.
मग दोन्ही पाणी काठाशी आली,
काच तिथंच होती, पण कशाच्या मधे
ते सांगता येईना.
पैलवान वर आला, रोज बोटाशी यायचा तसा.
पुढं टीव्हीवरून, देव्हाऱ्यावरून,
भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवरून
घर बघत बघत गेला असेल.
असेल म्हणायचं. बॅटरी तोवर विझली होती.

नऊ दिवसांनी आम्ही खराटे घेऊन गेलो.
सगळ्या घरात चिखल, टाकी मात्र शाबूत,
चहाच्या रंगाच्या पाण्यानं भरलेली.
आणि आत काहीतरी चमकलं.
बोटभर, चंदेरी.
तेवीस माणसं.
ॲमेझॉनच्या माशांची लॅटिन नावं तोंडपाठ.
याचं नाव कुणाला येईना.
बादलीत घालून घाटावर नेला.
भोई हसला: 'ह्यो? मळ्या न्हवं का!
चांगला लागतोय तळल्यावर.'

त्या रविवारी सभा लांबली.
इर्शादभाई म्हणाले, ऑस्कर नदीत टिकायचा नाही.
कुरणे मॅडम म्हणाल्या, टिकला तर जास्त वाईट,
इथल्या माशांना खाईल.
दोघांचंही खरं होतं.
सर्जेराव हीटरची वायर गुंडाळत बसले होते,
मळ्याला लागत नाही.
मी रजिस्टर उघडलं.
जावक: ऑस्कर, एक.
आवक: मळ्या, एक.
शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.

जानेवारीत एकदा पहाटे त्यांचा फोन आला.
'झोपला होता काय?
पंचगंगेचं पाणी आत्ता किती असंल हो?'
मी अर्धवट झोपेत विचारलं, फुटात?
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, 'न्हाई.
अंशात.'