साडेचारचा गजर

टोयोहाशीहून परतलो तेव्हा बॅगेत
तीन जोड मोजे, चहाची पुडी
आणि हा, वांगी रंगाचा, शिंपल्यासारखा मिटणारा.
फौंड्रीतल्या कुरोदा-साननी दिलेला.
नऊ महिने त्यांनी मला वितळल्या लोखंडाचा रंग वाचायला शिकवलं,
मी त्यांना 'लई भारी' म्हणायला.

उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर
नेमगोंडानं तो उघडला, मिटला, परत उघडला.
"सिम?"
आपलं घेत नाही.
"मग करतंय काय हे?"
सगळं करतंय, म्हटलं. टीव्ही बघ.
कुशीतनं एरियल ओढून काढली,
पडद्यावर निळा अंधार; चॅनेल समुद्रापल्याड राहिलेले.
नुसता टेकवला की रेल्वेचं फाटक उघडतंय, म्हटलं.
केएमटीच्या कंडक्टरनं त्याला आणि मला
एकाच नजरेनं बघितलं: सुट्टे काढा.
डोक्यावर एक काळी भिंगुळी, तसल्याच दुसऱ्या फोनशी
न दिसणाऱ्या उजेडात बोलणारी.
अख्ख्या करवीरात तसला दुसरा नव्हता.
"पैलवान हाय गड्या," नेमगोंडा म्हणाला,
"पण आखाडा तिकडं राहिलाय."

एक काम मात्र तो इथंही करायचा.
मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे साडेचारला,
आधी घसा खाकरल्याचा आवाज,
मग कुरोदा-सान, सात-आठ शब्द.
तिकडच्या खोलीत ते सकाळी आठला बोलायचे.
घड्याळ मी मागं केलंच नाही.
साडेतीन तासांचं तर अंतर, असू दे म्हटलं.

शालनचे मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे.
पहिल्याच शुक्रवारी ती अंथरुणात उठून बसली, हात जोडले.
"काय म्हणत्यात ते?"
मला माहीत होतं.
चांगलंच काहीतरी, म्हणालो.

अकरा वर्षं त्या आवाजावर ती उठली,
महाद्वारातनं आत गेली
पायरीवरचं पाणी वाळायच्या आधी.
एकदा तर त्यांच्या बायकोच्या नावानं खण-नारळ ठेवून आली.
नाव ठाऊक नव्हतं. "देवीला असतंय ठाऊक," म्हणाली.

मग केतकी आली सुट्टीला.
आपला काचेचा फोन तिनं याच्या तोंडाशी धरला
आणि त्यानं सपाट, परीटघडीच्या मराठीत सांगितलं:
आज जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस आहे.
चौगुले-सान, पिशवी विसरू नका.

कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
शालननं माझ्याकडं बघितलं,
सगळ्या संसाराचा हिशेब एकदम काढल्यासारखं.
मग पदर तोंडात धरून जी हसायला लागली,
"म्हणजे तिकडं बी विसरतच होता होय!"

बॅटरी फुगली त्याला आता चार वर्षं झाली.
शाहूपुरीतल्या मोहसीन बागवाननं दोन चिमटे लावून बघितले,
तळहातावर जरा वेळ तोलला, परत दिला.
"काका, ह्याच्या जातीचं कोण उरलं नाही."
नव्या वर्षाचं कार्ड यायचं टोयोहाशीहून,
गेली दोन वर्षं तेही नाही.
मी विचारलं नाही. कुणाला विचारायचं?

मंगळवारी साडेचारला शालन उठते, कुणी न उठवता.
चपला शोधताना पुटपुटते, चुकीच्या सुरात,
तिला येणारा तेवढाच तुकडा: क्यो-वा, क्यो-वा.
जाताना घंटागाडीची पिशवी
गाठ मारून दाराशी ठेवते.
ती खाली न्यायची मी.