छाट

निपाणीत, अक्कोळ रोडला, पहिल्या मजल्यावर
माझी खिडकी. काचेला अर्धगोल भोक :
त्यातून फाइल आत येते, पैसे आत येतात,
माणूस सहसा बाहेरच राहतो.

आक्काताई मगदूम, वय बासष्ट, साखर जुनी.
आधारवर कन्नडात एक नाव, पॉलिसीत इंग्रजीत दुसरं,
आणि 'ओ' देतात त्या तिसऱ्यालाच.
तेवढं मी जुळवलं होतं, शपथपत्रासकट.

पण उजव्या डोळ्याला लेसर झाला चार तारखेला,
उजव्याच डोळ्याला पुन्हा अठराला.
तोच कोड, तेच डॉक्टर, तीच रक्कम.
बेंगळूरहून एका ओळीत उत्तर :
डुप्लिकेट. क्लेम नामंजूर.

'पुन्हा'साठी एक शेपूट असतं कोडला, दोन आकडी.
ते मी लावायला विसरले.
हे त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, कंपनीनं परत पाठवलंय.

"छाट काढली म्हणा की," त्या म्हणाल्या.
"तीस वर्सं बगितलीया. मुकादम
हजारातल्या साठ-सत्तर बिड्या बाजूला सारायचा,
पान फाटलंय, तोंड नीट न्हाई. मजुरी कापायचा.
आनि छाटीच्या बिड्या पिशवीतनं घरला न्ह्यायचा."

मी कीबोर्डकडे बघत राहिले.

"दोनी येळा येकच केलं म्हणत्यात?
अगं, मोजलंय की मी. हिरवा उजेड टचाटचा बसतोय,
हलायचं न्हाई, मग काय करायचं बसून?
पंचवीसचा कट्टा धरला.
पयल्यांदा चौदा कट्टं, पुरं.
दुसऱ्यांदा सोळा, आनि वर बारा सुट्ट्या."

फाइल उघडली. डॉक्टरांचं अक्षर,
तळाशी ठिपक्यांची संख्या, जी मी कधी वाचत नाही.
तीनशे पन्नास.
चारशे बारा.

संध्याकाळी पत्र लिहिलं. पडदा तोच, जागा वेगळी;
आधी खालची बाजू, मग नाकाकडची.
शेपूट लावलं. चूक माझी, असंही लिहिलं,
मग ती ओळ खोडली,
मग परत लिहिली.

उत्तर अजून नाही.
परवा तिसरी वेळ आहे त्यांची.
सकाळी येऊन बसतील, थेंब घालून घेतील,
डोळे मिटलेले, बोटं मात्र मांडीवर
काहीतरी वळत, दोऱ्यानं बांधत,
बाजूला ठेवत.