सात पॉइंट दोन

एमआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत, प्लास्टिकच्या भंगाराआड
एक टाकी आहे. माझी.
म्हणजे शेठची, पण पाटीवर
चालक म्हणून नाव माझं: धुडकू आसाराम बारी.
बाकीच्यांना दिवसाला बाराशे चटया मोजाव्या लागतात,
मला एक आकडा.

नऊ वर्षं, रोज, चहाच्या आधी
मी वहीत लिहिलं: सात पॉइंट दोन.
आधीच्या चालकानं जाताना सांगितलं होतं,
नुसतं सात लिहू नको, इतकं सरळ पाणी
देवळाच्या विहिरीतही नसतं.
आठ लिहिलंस तर साहेब चष्मा पुसतात.
ते दोन म्हणजे
खरेपणाचं बोट.

वीज नव्हती त्या दिवशी सात पॉइंट दोन.
पंप जळाला, वाइंडिंगला गेला,
पंधरा दिवस भुसावळच्या दुकानात पडून,
सात पॉइंट दोन.
मेहुण्याच्या हळदीत मी चोपड्याला नाचत होतो
आणि इथे माझ्याच अक्षरात पाणी
शांत होतं. शाळेत अशा पाण्याला
उदासीन म्हणायचे.

भिंतीपलीकडून हिलालभो बकऱ्या हाकत यायचा, विचारायचा,
"नालाले आज कोन्ता रंग शे रे?"
सोमवारी हिरवा असायचा, लग्नसराईत लाल.
मी न बघता सांगायचो,
पाण्याचाच.

गेटवरची बेल
बँकवाले आले की दोनदा वाजायची,
बोर्डाची माणसं आली की तीनदा.
तीनदा वाजली की मी मोटर चालू करायचो.
त्या जुलैत, भर दुपारी, लाईट गेलेली.
बेल वाजलीच नाही.
तडवी मॅडम स्कूटीवरून उतरल्या,
पायाशी कुल्फीवाल्याच्या पेटीसारखी पेटी,
आत रिकाम्या बाटल्या, बर्फ.

शेठनं थंडा मागवला. त्यांनी वही मागवली.
पानं उलटत गेल्या, मग बोट थांबलं.
"धुडकूभाऊ, एकतीस जूनला पाणी कसं होतं?"
"सात पॉइंट दोन, मॅडम."
म्हणालो,
आणि मग पाठीमागे हात नेऊन
मुठीची हाडं मोजली.

हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
पर्समधून कागदाची पट्टी काढली:
"तुम्हीच बुडवा."
नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्या पाण्यापर्यंत वाकलो.
आमच्या कॉस्टिकचा वास घरी माझ्या शर्टाला असतो,
इथे तो मालक होता.
पट्टी बाहेर आली ती
केळफुलाच्या रंगाची.

नोटीस गेटवर चिकटवली, वीज तोडली.
भंगार निवडणाऱ्या चाळीस बाया
डबे घेऊन निंबाखाली बसल्या, उठेनात.
इंदूबाई कोळीनं मला हाक मारली,
"एकतीस जूननी हजेरी तरी दे आमले."
सगळ्या हसल्या.
मी तिथून टाकीकडे गेलो. काम काहीच नव्हतं.

दोन महिन्यांनी गेट उघडलं.
नवा ब्लोअर आला, भिंतीवर एक मीटर,
त्याचा आकडा थेट ऑफिसात दिसतो म्हणे,
बेलची तार उंदरांनी खाल्ली ती कुणी जोडली नाही.
बाया आल्या सव्वीस.
बाकीच्या चौदांचं मी
कुणाला विचारलेलं नाही.

नवी वही. पहिलं पान.
आधी कॅलेंडर पाहतो, तारीख आहे ना.
मीटर म्हणतो आठ पॉइंट सहा. चालतं तेवढं, नियमात बसतं.
हात मात्र सवयीनं सातचा वळसा घालून बसतो.
खोडतो. पान घाण दिसतं.
दिसू दे.

हिलालभो विचारतो. आता मी जाऊन पाहतो, मग सांगतो,
आज राखाडी, काल जवळपास काहीच नाही.
तो मान हलवतो.
बकऱ्या तरी नाल्याला तोंड लावत नाहीत,
काठाकाठानं पुढं निघून जातात.
त्यांना माझी वही
वाचता येत नाही.