पाण्यातला जोड

नदीम आजही अर्धा डोळा मिटूनच थांबला
माझ्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर.
मागं दम्मामची पिवळट खोली, खिळ्याला टांगलेला शर्ट,
तोंड उघडं.
काय म्हणणार होता, त्यालाच ठाऊक.
"हिलता नै रे," कौसरबी म्हणते
आणि ओढणीच्या टोकानं काच पुसते,
मधे धूळ असावी म्हणून.

पलीकडं वालूरची सुकेशनी.
नर्सिंगचा फॉर्म, आज शेवटची तारीख,
जातीचा दाखला नव्वद टक्क्यांवर चढून बसलाय.
चकली फिरते नुसती,
तळून काही निघत नाही.

कंपनीला फोन लावला चार वेळा.
पाचव्यांदा एक पोरगी बोलली, फार गोड:
सर, समुद्राखालची केबल तुटली आहे.
समुद्र!
सेलूपासून रात्रभराच्या गाडीवर तो.
मी पाहिला एकदाच, मेहुण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा,
ओहोटीला,
तेव्हाही तो लांबच गेलेला होता.
इथं पाणी नाही म्हणून बंद पडलेलं आयुष्यभर पाहिलं:
शाळा, लग्नं, जिनिंग, एकदा तर दवाखाना.
पाण्याच्या पोटात काही अडलंय
हे पहिल्यांदाच.

लिंबाजी झेरॉक्सला आला होता, आधार, दोन प्रती.
बोटांना काळ्या टेपचा डिंक, तीस वर्षांचा.
बोअरमधून मोटारी काढतो, सोडतो,
तालुक्यात कुणाची किती फुटांवर, तोंडपाठ.
ऐकलं त्यानं. हसला नाही.
"किती फुटांवर तुटली?"
म्हणलं, "असंल दहा हजार."
"केसिंग?"
"नसंल."
"मग आधीचा जोडच गेला असंल. कुणीतरी घाईत मारलेला."

खुर्ची ओढून बसला
अन् रिकाम्या बोटांनीच दाखवायला लागला:
तांबडी, पिवळी, निळी.
तिन्ही जोड एका रेषेत घ्यायचे नाहीत,
चार-चार बोटं सोडून, वरखाली,
म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्याला लागत नाही.
मग रबरी टेप, ताणून. मग वरून दुसरी.
"पण पाण्यात जोड होत नसतो, भाऊ.
कितीबी खोल असू द्या, आधी वर काढावी लागती.
गळ टाकायचा, अंदाजानं. सापडंस्तोर टाकायचा.
मग पुसायची. मग वाळू द्यायची.
इथंच माणसं घाई करत्यात."

सुकेशनीनं विचारलं, "किती वाळू द्यायची, काका?"
"हाताला कळतं," तो म्हणाला
आणि झेरॉक्स तशीच विसरून गेला.

पावणेसहाला दाखला त्र्याण्णववर सरकला.
कुणी काही बोललं नाही,
दृष्ट लागेल म्हणून.
मग तिथंच.

कौसरबी म्हणाली, "हा जायच्या आत फोटो काढ याचा."
रंगीत, दहा रुपये.
मी घडी घालायला लागलो तर हात धरला:
"मोड मत. चेहऱ्यावरून रेघ जाती."
गुंडाळी करून, रबर लावून
घेऊन गेली ती पोराला घरी.

रात्री शटर ओढताना वाटलं,
कुठल्याशा जहाजावर आत्ता एक माणूस
ओली केबल मांडीवर घेऊन बसला असेल.
त्याला सेलू माहीत असायचं काही कारण नाही.
डिंक मात्र त्याच्याही बोटांना असेल.

फॉर्मची तारीख वाढली, सुकेशनी सोमवारी येणार.
आता रोज सकाळी मोंढ्याकडं जाताना
लिंबाजी टेम्पो हळू करतो, उतरत नाही.
"लागला का जोड?"
मी मान हलवतो.
"वाळवत असतील," म्हणतो तो,
गियर टाकतो,
मागं पाइप खडखडत जातात.